पिंपातला देवभात

बहात्तरच्या दुष्काळात बिराजदारबाईंनी साबण सोडला. चहा सोडलेली, साखर सोडलेली माणसं मी पाहिली होती. साबण सोडणाऱ्या बाईच पहिल्या. आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि मी गणित. सोलापुरात एका तेलुगू विणकराच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या आम्ही दोघींनी मिळून भाड्यानं घेतल्या होत्या. बाई वयानं मोठ्या, त्यामुळे घरातले कायदे त्यांचे. एका सकाळी न्हाणीतली माझी साबणाची वडी नाहीशी झाली आणि बाहेरून आवाज आला, "सुधा, आजपासून नुसत्या पाण्यानं बरं का. त्याला साबण सोसत नाही."

'तो' म्हणजे देवभात. न्हाणीच्या मागे अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप होतं, त्यातल्या चिखलात तो उभा होता, आणि न्हाणीची मोरी एका कौलावरून थेट त्या पिंपात सोडलेली होती. तळ्याच्या काठाला उथळ पाण्यात आपोआप उगवणारा हा रानटी भात. ओंबीला लांब तांबूस कुसळं असतात. ऋषिपंचमीला बायका बैलाच्या कष्टाचं धान्य खात नाहीत, म्हणून त्या दिवशी पुष्कळ घरांत हा शिजायचा. मी एकदा त्याला गवत म्हणाले, तर बाई पोळी लाटायची थांबल्या. "गवत म्हणजे काय गं? उद्या तुला कुणी 'ती एक बाई' म्हणून सोडून दिलं तर चालेल का? नाव घे की त्याचं."

नावाचा हा हट्ट त्यांचा सगळीकडे असे. बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण रस्त्याकडेचं एखादं रोप ओळखू आलं नाही की मला अजूनही ओशाळल्यासारखं होतं. दर रविवारी त्या पातळाचा काठ पिनेनं आवळून सायकलवर निघायच्या आणि आसपासची तळी पालथी घालायच्या. एका तळ्याला दगडी काठ बांधला, तिथला देवभात गेला. दुसऱ्या तळ्याच्या काठापर्यंत नांगर आला, तिथलाही गेला. शेवटी वळसंगच्या पुढे एका गावतळ्याचा दलदलीचा कोपरा तेवढा उरला होता. बाईंच्या माहितीत याखेरीज कुठेच तो नव्हता.

आणि साबण जाण्याच्या थोडं आधी दुष्काळी काम निघालं ते नेमकं त्याच तळ्यावर. गाळ काढून तळं खोल करायचं होतं, आणि मजुरी खणलेल्या मापावर मिळायची. बाई मला बरोबर घेऊन तिथे गेल्या. त्या कोपऱ्यात शेवंता खणत होती. हीच शेवंता दरवर्षी पंचमीच्या आधी बाजारात देवभात विकायला बसायची, त्यामुळे बाईंची तिच्याशी जुनी ओळख.

"शेवंता, एवढा कोपरा सोड की," बाई म्हणाल्या. "पलीकडं खण."

"पल्याड मुरूम हाय बाई. हितं वल हाय, कुदळ लागती. तिकडं खांदून माजं माप भरंल व्हय?"

"अगं, पण हाच तू विकतीस ना?"

"इकते की. पन आज पोरं काय खातील, ते सांगा."

मुख्याध्यापिकेपासून तपासणी अधिकाऱ्यापर्यंत कुणाशीही वाद घालणाऱ्या आमच्या बाई. मला वाटलं, आता तोंड सुटणार. पण त्यांनी पदर खोचला, शेवंताच्या हातातली कुदळ घेतली आणि स्वतःच तो कोपरा खणायला लागल्या. देवभाताचे ठोंब मातीसकट बाजूला काढायचे, बाकीचा गाळ शेवंताच्या पाटीत भरायचा. उन्हं उतरली तेव्हा शेवंताचं माप भरलं होतं आणि बाईंच्या तळहातांची सालं निघाली होती. ओल्या पोत्यात गुंडाळलेले ठोंब सायकलच्या कॅरिअरला बांधून त्या घरी घेऊन आल्या.

नळाला तेव्हा धार नसे, हवाच जास्त येई. घरमालकीण नरसम्मा दारात उभी राहिली. "टीचरम्मा, माणसाला प्यायला पाणी नाही, तुम्ही गवताला घालते?"

"माझ्या अंगावरचं घालते की. तुमच्या घागरीला हात लावला तर बोला."

नरसम्माचंही काही चुकत नव्हतं, हे बाईंना कळत होतं. म्हणून त्या स्वतःच्या वाटणीतलंच पाणी तोडायच्या. उन्हाळ्यात त्यांची पाठ घामोळ्यांनी भरली, तरी काही ठोंब वाळलेच. मला राग आला. "बाई, एका रोपासाठी एवढं?"

"एका कुठलं गं?" त्या पिंपाकडे बघत म्हणाल्या. "आपण मेलो तरी मागं माणसं आहेत. याचं जे काही आहे, ते एवढ्या पिंपात आहे." पुढे ओंब्या धरल्या. या भाताचे दाणे पिकताक्षणी गळून पडतात, म्हणून बाईंनी त्या आधीच एकत्र बांधून ठेवल्या. बांधायला वर्गात मुलींच्या पडलेल्या लाल रिबिनी होत्या.

पुढच्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. बाईंनी अर्धे ठोंब नेऊन जुन्याच जागी लावले. चूक तिथेच झाली. आता तिथे उथळ काठच नव्हता, सरळ खड्डा होता. पाणी चढलं आणि सगळे ठोंब बुडून कुजले. त्यानंतर कितीतरी दिवस बाई वर्गातसुद्धा हळू बोलत होत्या. मग पुढचा उन्हाळा आला तशा त्या शेवंताकडे गेल्या आणि काठाला उथळ पायरी हवी म्हणाल्या.

"तवा तुमी माजं माप भरलं नव्हं? चला," एवढंच शेवंता बोलली. तिनं आणखी दोघी-तिघींना आणलं, आणि पाऊस यायच्या आत त्यांनी दगड-माती चोपून तळ्याच्या एका अंगाला रुंद पायरी बांधली. पिंपात उरलेला सगळा देवभात बाईंनी त्या पायरीवर लावला. या वेळी मागे काही ठेवलं नाही. त्या रात्री त्यांनी मला माझी साबणाची वडी परत दिली.

तो तगला. शेवंता म्हशी हाकलायची, बाई रविवारी जाऊन बघून यायच्या, आणि एकही ओंबी कुणाला तोडू द्यायच्या नाहीत. पुढे सायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला आणि जाणं थांबलं. मी जाऊन येते म्हटलं, तर म्हणायच्या, "तुला ओळखू येणार नाही, राहू दे." सगळा जीव मात्र तिकडेच असायचा.

अशीच दोन वर्षं गेली, आणि ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी शेवंता दारात आली. पदराची गाठ सोडून तिनं ओंजळभर देवभात बाईंपुढे धरला. बाई केवढ्यांदा कडाडल्या! "तोडलात? अगं, बी आहे ते! जा, आधी तळ्यात टाकून ये!"

शेवंता हसायलाच लागली. "तळ्यात लई झालंय बाई, सारा काठ भरलाय. काल समद्या गावच्या बायांनी खाल्ला, मी बाजारात बी इकला. ह्यो समद्यांनी खाऊन उरल्याला हाय. तुमाला आनलाय."

बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. शेवंताची ओंजळ त्यांनी आपल्या पदरात ओतून घेतली. मला रडू आवरेना.

मी नरसम्माच्या उखळात तो कांडला आणि शिजवला. एवढी वर्षं जपला, पण बाईंनी त्याचा एक दाणा कधी तोंडात टाकला नव्हता. तांबडा, जाडाभरडा भात. शेवंता आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी पहिला घास पुष्कळ वेळ चावला.

"चवीला काही खास नाही की गं," बाई म्हणाल्या, आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं.