ब्रेकची पट्टी

माझं गॅरेज जळोचीला, रस्त्याकडेला, पत्र्याचं. आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकले आणि लग्नानंतर ट्रॅक्टरचीच कामं धरली. बाई ब्रेक करते म्हटल्यावर सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. म्हटलं बघा, माझं काय जातंय.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. सांगवीच्या एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ते ड्रायव्हर. हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढून कारखान्यावर न्यायचं त्यांचं काम. त्यांच्या शब्दाखातर त्या मालकानं ट्रॅक्टर माझ्याकडे धाडला आणि मी त्याचे ब्रेक नवे करून दिले.

ट्रॅक्टरला ब्रेकची पायडलं दोन असतात, एक डाव्या चाकाचं, एक उजव्याचं. रानात बांधाकडेला जागेवर वळायचं तर एकच दाबतात. रस्त्याला लागताना मात्र दोन्हींना जोडणारी लोखंडी पट्टी लावावीच लागते, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर त्या अंगाला ओढला जातो. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि विसरतात ते नेमके जुने ड्रायव्हर.

हंगाम सुरू झाला न झाला तोच आबांचा ट्रॅक्टर भरल्या उसासकट एका अंगाला ओढला जाऊन रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेला. मागची ट्रॉली कलंडली. आबांचं खरचटण्यावर निभावलं. मी धावत गेले, आधी त्यांना बघितलं, मग पायडलं बघितली. पट्टी उघडीच होती.

तोवर गावभर झालं होतं, सुनेनं ब्रेक केले आणि सासऱ्याला चारीत घातलं. माझ्या दारात कामासाठी लावलेले ट्रॅक्टर लोक परत न्यायला लागले. माझा पारा एरवीही चढायला वेळ लागत नाही, पण इथं तोंड बांधलेलं. मी बोलले तर आबांची सीट जाणार, आणि ट्रॅक्टरवर बसल्याशिवाय त्या माणसाला जेवण गोड लागत नाही. संध्याकाळी ताट वाढताना तरी विचारलंच, "आबा, पट्टी लावली व्हती का?"

"कालवण वाढ," ते म्हणाले. असा संताप आला की वाटलं पातेलंच समोर आपटावं. वाढलं.

मग एक दिवस तो मालकच गॅरेजवर आला. त्याचा दुसरा ट्रॅक्टर माझ्याकडे खोलून पडला होता. "वैनी, सगळं सामान पोत्यात भरून द्या. दुसरीकडं नेतो," म्हणाला. वाद घालायचं त्राण नव्हतं. मी नटबोल्ट गोळा करू लागले.

आबा त्या दिवशी गॅरेजवरच होते, कडेला जुन्या टायरवर बसलेले. ते उठले. "तिचा ब्रेक बराबर हाय. पट्टी म्याच लावली न्हाय. रानातनं तसाच रस्त्याला काढला."

मालक माझ्याकडं वळला. "मग ट्रॅक्टर हितंच ऱ्हाऊ द्या वैनी. पण आबा, सीटवर आता दुसरा माणूस बसवतो. राग धरू नका."

"व्हय," आबा म्हणाले. "बसवा."

मालक गेला. इतक्या दिवसांचा राग मी घट्ट धरून ठेवला होता, तो कुठं गेला कळलंच नाही. आबा माझ्याशेजारी येऊन उकिडवे बसले. ड्रायव्हर माणूस, आजवर मिस्त्रीच्या सामानाला कधी हात लावला नव्हता.

"कुठला पाना दिऊ?" त्यांनी विचारलं.

मी नुसतं बोट दाखवलं.