सत्तेचाळीसात चार

लग्नाच्या पहिल्या वर्षी पूर्णा जंक्शनच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळची भांडी घासून झाली की हे सतरंजी अंथरायचे आणि मला नशीब मोजायला शिकवायचे. हसू नका, खरं सांगते. हे रेल्वेत तारबाबू. सिकंदराबादहून येणाऱ्या एका गार्डसाहेबांनी ह्यांना पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ शिकवला होता. पाच पानं वाटायची, नावडती टाकायची, तितकीच नवी घ्यायची. ज्याची जुळणी भारी तो जिंकला. गार्डसाहेब पान उचलताना देवाचं नाव घ्यायचे. हे आकड्यांचं घ्यायचे.

"बावन्न पानं. पाच तुझ्या हातात. न दिसलेली किती?"

"सत्तेचाळीस."

"हातात चार बदाम आहेत, पाचवा पाहिजे. किती उरले?"

"नऊ."

"म्हणजे पाचात एकदा येईल. आता रांग सांग."

रांग म्हणजे ओळीनं लागलेली पाच पानं. चार हातात असून दोन्ही टोकं उघडी असली, तर आठ पानं कामाची. पण मधलंच पान नसेल, तर सबंध गठ्ठ्यात चारच, बारात एकदा. त्याला मी दातपडका डाव म्हणायची. "दातपडक्या डावावर जीव टाकायचा नाही," असं हे दर दोन दिवसांनी बजावायचे. मला ह्या खेळाचा असा नाद लागला, की तव्यावरची भाकरी फुगेल का, याचाही मी हिशोब मांडायला लागले.

अशात धोंड्याचा महिना आला. आमचा मुलूख मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली होती, आणि त्या साली श्रावण अधिक होता. मी आधीच माहेरी ताडकळसला गेले. महिना सरता सरता हे आले. पुरणाचे धोंडे झाले, तांब्याच्या ताटात दिवा आणि तेहतीस बत्तासे ठेवून जावयाला वाण दिलं. ह्यांची रजा संपली, तेव्हा मी मनातल्या मनात ट्रंक भरून ठेवली होती.

पण आबा! आमच्या आबांनी दोन-चार सण हाताशी धरले.

"अधिक सरला की निज श्रावण लागतो, जावईबापू. पंचमीच्या तोंडावर लेक कुणी धाडतं व्हय? पंचमी झाली की राखी. राखी झाली की पोळा हायच."

"मामा, पोळ्यानंतर महालक्ष्म्या येतील."

"येतीलच की! देवाचं कुणाला चुकलंय?"

ह्यांचा चेहरा पडला. माझाही पडला, पण मला तो पदराआड पाडावा लागला. माहेरी आलेल्या लेकीनं नवऱ्याकडं जायची घाई दाखवायची नसते. दाखवली, की गावातल्या विहिरीवर सहा महिने पुरेल एवढं पाणी त्याच बोलण्यावर शेंदलं जातं.

तीन दिवसांत ह्यांनी आबांनाही पोकर शिकवून ठेवला होता. आबांनी मांडी ठोकली. "पत्त्यावर फैसला करू. शेवटचा डाव तुमी जिंकलात तर लेक उद्या तुमच्यासंगं. मी जिंकलो तर पोळ्यापरेंत इथंच. मंजूर?"

"मंजूर."

मला कुणी विचारलं नाही. मी ह्यांच्या मागे उंबऱ्याशी बसून विडे लावत होते.

दुपारभर खेळ चालला. पैशांऐवजी वाणातले बत्तासे. माय आतून ओरडली, "वाणाचे बत्तासे जुगाराला लावायलात? लाज हाय का?" आबा म्हणाले, "जुगार न्हाई, जावयाचा हिशोब हाय," आणि विचार करता करता स्वतःचा बत्तासा तोंडात टाकला. निम्मे बत्तासे आबा असेच हरले.

मग शेवटचा डाव आला. आबांनी पानं वाटली. मी विड्याला चुना लावता लावता मान लांब केली. ह्यांच्या हातात नव्वी, दश्शी, राणी, राजा आणि एक भिकार दुर्री. दातपडका डाव! गुलाम आला तरच रांग.

ह्यांनी दुर्री खाली टाकली आणि पुटपुटले, "सत्तेचाळीसात चार..."

"जावईबापू जप करायलेत," आबा खुशीत म्हणाले.

आणि मला एकदम आठवलं. सत्तेचाळीस नव्हेतच! सकाळी मी मैत्रिणींबरोबर गुलामचोर खेळले होते. त्या खेळात एक गुलाम आधीच काढून ठेवतात. बदामचा गुलाम कोनाड्यात, फणीच्या मागं, सकाळपासून आरामात पडला होता. बाहेर शेहेचाळीस पानं, त्यात तीन गुलाम. पंधरात एकदा! आबांनी गठ्ठ्यावर अंगठा ठेवला.

"आबा!" मी ओरडले. "थांबा! पानं कमी हायेत. एक गुलाम कोनाड्यात हाय."

अंगठा जागच्या जागी थिजला. आबांनी हातातली पानं सतरंजीवर आपटली: तीन एक्के.

"तीन एक्के आलते गं माय, तीन!" ते कळवळले. मग त्यांचे डोळे हळूहळू बारीक झाले. "पर काय गं, गुलाम सकाळधरून कोनाड्यात. दुपारभर मी हरायलो, तवा तुला आठवला न्हाई. आन् आताच कसा आठवला?"

माय दारात आली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आवं, तिला जायचंय! एवढं कळंना का तुमाला?"

माझ्या हातातला विडा सुटला. हे सतरंजीची वीण मोजायला लागले.

मायला भारी उत्सुकता. ती वाकली आणि गठ्ठ्यावरचं पान उलटलं. किलवरचा गुलाम! रांग पुरी झाली असती, तीन एक्क्यांवर भारी. तिनं आबांना मिळणार होती ती पुढची दोन पानंही उलटली. चव्वी आणि सत्ती. कवडीच्या कामाची नाहीत.

आबा इतके मोठ्यानं हसले, की गोठ्यातल्या बैलानं मान वर केली. "बोलली नसतीस तरी मी हरलोच असतो की गं! नुसती लाज घालवून बसलीस." मग गड्याला हाक मारून म्हणाले, "सकाळी छकडं जुंप रं. पोरीला लय घाई हाय."

ते वाक्य आम्ही निघायच्या आधीच विहिरीवर पोचलं होतं. छकड्यातून गावाबाहेर पडेपर्यंत तीन बायकांनी मला हाका मारून घाईचं कारण विचारलं.

शीव ओलांडल्यावर हे म्हणाले, "पंधरात एकदा येणारं पान आलं होतं. गप्प बसली असतीस तर इभ्रतीनं निघालो असतो."

"आन् पंधरात चौदा वेळा पोळा," मी म्हटलं. "तुमीच शिकवलंत."

ह्यांनी बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं. हिशोबात चूक सापडली नसावी. खिशात हात घालून त्यांनी आबांच्या तावडीतून वाचलेला शेवटचा बत्तासा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.