खंदकातले निळे ब्लॉक

लोह्याच्या अलीकडे टेम्पो एका खड्ड्यात आदळला आणि मागून कंधारचा किल्ला पडल्याचा आवाज आला. खरा किल्ला तिथून जवळच आहे आणि तो इतकी शतकं जागचा हललेला नाही. माझ्या टेम्पोतला रेणापूरहून निघाल्यापासून तीन तासही टिकला नाही. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, मी ताडपत्री वर केली. कोपऱ्यातला मोठा बुरूज पार कोसळला होता आणि शेजारची हातभर तटबंदी खाली आली होती. फोमच्या गादीवर राखाडी ब्लॉक विखुरले होते.

मी नांदेडला आर्किटेक्चरल मॉडेल बनवतो. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली इमारतीची छोटी प्रतिकृती असते, स्पंजची हिरवी झाडं आणि बोटाएवढ्या गाड्या असलेली, ती आम्ही करतो. सव्वीस वर्षं हेच करतोय. माझे वडील सुतार होते. कुणाच्या घरी जेवायला गेले आणि तिथली खुर्ची डुगडुगली, तर त्यांचं जेवणातलं लक्ष उडायचं. तो स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरलाय. मॉडेलमधली एक गॅलरी जरी हलली तरी मला चैन पडत नाही, आणि हलणारी वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देणं मला नागडं उभं राहिल्यासारखं वाटतं.

हा किल्ला मात्र मी बनवलेला नव्हता. नांदेडच्या एका कॉलेजच्या नव्या हॉलमध्ये किल्ल्यांचं प्रदर्शन होतं. त्या संस्थेच्या सचिवांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, की रेणापूरच्या एका बाईने प्लॅस्टिकच्या ब्लॉक्सनी कंधारचा किल्ला बांधलाय. सचिव साहेबांनी मला बोलावून सांगितलं की तो आणायचा, मांडायचा आणि पंधरा दिवसांनी परत नेऊन द्यायचा. माझ्यासाठी ही साधी डिलिव्हरी होती.

त्या बाई म्हणजे सुमनताई. वय साठीच्या पुढे, घरात एकट्या. त्यांचे मिस्टर शिवाप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि नऊ वर्षं कंधारला होते. ब्लॉक्सचं वेड त्यांचं. दुबईला असलेला भाचा दर खेपेला एखादी पिशवी आणायचा, बाकी जत्रेतले, जुन्या बाजारातले, कुणाच्या पोरांनी टाकून दिलेले. ड्यूटीवरून आले की हा माणूस जमिनीवर बसून किल्ले, पूल, पाण्याच्या टाक्या बांधायचा. गाव हसायचं. तीन वर्षांपूर्वी ते गेले.

"हे होते तवा मी बी लई हसायचे, भाऊ," सुमनताई मला म्हणाल्या. "पावणे आले की डबे कॉटखाली ढकलायचे. आता मीच करायले."

त्यांनी मला एक वही दाखवली. आलेख कागदाची, कोपरे मळलेली. शेवटची दोन वर्षं शिवाप्पांच्या बोटांत ब्लॉक दाबायचीही ताकद उरली नव्हती, तेव्हा त्यांनी नुसती चित्रं काढून ठेवली होती. अकरा चित्रं. प्रत्येक चित्राच्या समासात कोणत्या रंगाचे किती ब्लॉक लागतील ते लिहिलेलं. घरात जेवढे होते तेवढ्यातच बसेल असंच काढलेलं. सुमनताईंनी चार बांधली होती, हा किल्ला चौथा.

"अजून सात हायत," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी कानांनी ऐकलं. मान हलवली. माझं लक्ष टेम्पोच्या फाळक्याच्या रुंदीकडे होतं, किल्ला आत आडवा जाईल की उभा याचा मी विचार करत होतो. निघताना त्यांनी वाटेत खायला धपाटे बांधून दिले.

ब्लॉक म्हणजे काय ते सांगतो. वर गोल गाठी असतात, खाली पोकळी. एकाच्या गाठी दुसऱ्याच्या पोकळीत दाबल्या की टक आवाज होतो आणि बसतो. गोंद नाही, स्क्रू नाही. या छंदातले लोक जगात कुठेही असोत, गोंद लावत नाहीत. बांधायचं, बघायचं, फोटो काढायचा आणि सगळं मोडून डबे भरायचे, कारण पुढचं बांधायला तेच ब्लॉक लागतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. सव्वीस वर्षांच्या अनुभवाचा हा एक तोटा असतो.

कॉलेजच्या हॉलमध्ये मी मोबाइलवरचे फोटो बघत बुरूज पुन्हा उभा केला. त्यात पुष्कळ ब्लॉक कडेला चेपलेले, ओरखडलेले निघाले. उंदरानं कुरतडल्यासारखे बारीक खड्डे. मला ते खटकले. मी असे सगळे खराब ब्लॉक वेचून त्यांची ती बाजू आतल्या अंगाला फिरवली आणि गुळगुळीत बाजू बाहेर आणली. फिनिशिंग पहिल्यापेक्षा चांगलं झालं म्हणून स्वतःवर खूश झालो.

दुपारी सचिव साहेब आले. त्यांनी एका बुरुजाला बोट लावलं.

"पांचाळ, हे हलतंय."

"सर, ते नुसतं दाबून बसवलेलं असतं."

"उद्या उद्घाटन आहे. सगळ्या शाळांची पोरं येणार, हात लावणार. पाहुण्यांसमोर पडलं तर?"

"वर काच टाकू."

"काच आठ दिवस येत नाही. तुम्ही काहीतरी पक्कं करा. तुमचं कामच ते आहे."

मी सुमनताईंना विचारायला फोन बाहेर काढला. त्यांचा नंबर समोर आला. मग लक्षात आलं, की फोन लावला तर बुरूज वाटेत पडल्याचंही सांगावं लागेल. त्या विचारतील, कसा पडला, किती पडला, तुम्ही नीट बांधलं नव्हतं का. मला लाज वाटली. मी फोन खिशात ठेवला. या सगळ्या प्रकरणात माझी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी ही सांगतो. बाकीचं सगळं हिच्या मागून आलं.

क्लोरोफॉर्म म्हटलं की लोकांना सिनेमातला रुमाल आठवतो. आम्ही त्याने ॲक्रिलिक जोडतो. सिरिंजने सांध्यात थेंब सोडायचा. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि उडून जातो. फेविकॉलसारखं दोन तुकड्यांच्या मधे काही राहत नाही, दोघांचा मिळून एकच तुकडा होतो. नंतर ओढलं तर दुसरीकडून तुटेल, सांध्यातून सुटणार नाही. मी एका सुट्या ब्लॉकवर करून बघितलं. झकास बसला. मग संध्याकाळपर्यंत मी किल्ल्याभोवती फिरत होतो. तट, बुरूज, दरवाजे, आतली मशीद, एक सांधा सोडला नाही. तटाच्या बाहेरच्या खंदकात तेवढं पाणी म्हणून निळे गोल ब्लॉक नुसते ओतलेले होते. तिथे सांधाच नव्हता, म्हणून तिथे माझं काही काम नव्हतं. शेवटी मी बेस दोन्ही हातांनी धरून हलवला. काहीही हललं नाही. माझे वडील असते तर खूश झाले असते.

उद्घाटनाला सुमनताई एसटीने आल्या. त्यांना शाल आणि नारळ दिला. त्या किल्ल्याच्या बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या, फोटो काढून घेतले, एरवी बहुतेक कुणी त्यांना एवढ्या लोकांत उभं केलं नसावं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, की बुरूज जरा जास्तच नीटनेटका दिसतोय. मी म्हणालो, धूळ पुसली. न केलेला फोन हे पहिलं खोटं धरलं, तर हे माझं दुसरं.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. हॉल रिकामा होता. सोबत पत्र्याचे तीन मोठे डबे आणि पिशवीत ती वही. मी म्हणालो, ताई, मी घरी आणून देणारच होतो की. त्या म्हणाल्या, कशाला तेवढा टेम्पो, इथंच मोडते आणि डबे घेऊन एसटीनं जाते. पुढचं पान त्यांनी मला उघडून दाखवलं. कंधारला ती दोघं लग्नानंतर राहिली ते दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. दारापुढे रांजण, मागे न्हाणी. शिवाप्पांनी चुलीची जागासुद्धा काढली होती. समासात राखाडी, पांढरे, लाल, असे आकडे लिहिले होते.

"अजून सात हायत" हे वाक्य मला तेव्हा, पंधरा दिवसांनी, खऱ्या अर्थानं ऐकू आलं.

त्यांनी बुरुजावरचा सगळ्यात वरचा ब्लॉक चिमटीत धरला आणि पिळला. निघाला नाही. शेजारचा धरला. तोही नाही. मग त्या वाकल्या आणि सवयीनं त्या ब्लॉकच्या कडेला दात लावले.

"ताई," मी म्हणालो, "ते निघणार नाहीत."

त्या सरळ झाल्या.

"सगळेच?"

"हो. सगळेच."

मी त्यांना सगळं सांगितलं. खड्डा, बुरूज, सचिव साहेब, सिरिंज. प्लॅस्टिक कसं विरघळतं तेही सांगितलं, जसं काही त्याने फरक पडणार होता.

"मग तुमी तवा मला इचारलं का न्हाई?"

"बुरूज पडला ते सांगायची लाज वाटली."

"बुरूज तर माझ्या हातानं धा वेळा पडलाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "पडला तर परत लावता येतंय. त्यासाठीच तर ह्यांना हे आवडायचं."

मग त्या बुरुजावर बोट फिरवू लागल्या. खालून वर, पुन्हा वरून खाली. काय शोधताय, असं मी विचारलं.

"दात लावलेले कुठं गेले?"

मला कळेना. त्या सांगू लागल्या, की शिवाप्पांच्या नखांत जोर नव्हता, म्हणून घट्ट बसलेले ब्लॉक ते दातांनी ओढायचे. त्या ओरडायच्या, की दात पडतील. बऱ्याच ब्लॉकवर त्यांच्या दातांचे व्रण होते. सुमनताईंनी ते सगळे ब्लॉक या मोठ्या बुरुजात लावून व्रण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवले होते, जाता येता बोटाला लागावेत म्हणून.

ते व्रण मी आत फिरवले होते आणि वरून सांधे बंद केले होते. हेही मला त्यांना सांगावं लागलं. त्या खाली फरशीवर बसल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं.

किल्ला मी माझ्या वर्कशॉपमध्ये आणला. आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. बर्फात ठेवून बघितलं, गरम पाण्यात बघितलं, दाढीच्या ब्लेडने सांधा कापून बघितला. ब्लॉक निघायचा तो गाठी खालच्यात सोडून निघायचा. गाठी गेल्या की ब्लॉक म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा चौकोन, त्यावर काही बसत नाही. तटाच्या एका कोपऱ्यातून अकरा निघाले, धड दोन. माझं काम किती पक्कं असतं ते मला त्या आठवड्यात पुरतं कळलं.

मी वहीतल्या आकड्यांप्रमाणे नवे ब्लॉक मागवायची तयारी दाखवली. सुमनताई वर्कशॉपवर आल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवे कशाला, भाऊ. हे ह्यांनी घरातले मोजून लिवलंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. किल्ला कॉलेजला ठेवायचा असेल तर ठेवू द्या, म्हणाल्या, घरात जागा अडते.

जाण्याआधी त्यांनी एक डबा पुढे केला. मी खंदकातले निळे ब्लॉक त्यात ओतले, तेवढेच सुटे राहिले होते. त्या खिडकीशी उजेडात बसल्या आणि एकेक ब्लॉक बोटांत फिरवून बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या. एकावरही दाताचा व्रण नव्हता. असणारही नव्हता. निळे ब्लॉक कायम पाणी म्हणून नुसते ओतलेले, ते कधी कशात दाबून बसवलेच नव्हते, म्हणून ते काढायला शिवाप्पांना कधी दात लावावे लागले नव्हते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्या बसस्टँडकडे गेल्या. मी सोडायला येतो म्हणालो, तर नको म्हणाल्या.

सचिव साहेब फार खूश आहेत. काच आली. किल्ला हॉलच्या दारात कायमचा बसवलाय आणि पाटीवर सुमनताईंच्या नावाखाली मांडणी म्हणून माझं नाव आहे. ते काढा, असं मी दोनदा सांगितलं. त्यांना तो माझा विनय वाटतो.

माझ्या ऑर्डर फॉर्मवर आता सगळ्यात शेवटी एक रकाना वाढवलाय: काम झाल्यावर या वस्तूचं पुढे काय करणार आहात? बहुतेक गिऱ्हाइकं तो कोरा सोडतात. कोरा दिसला की मी सिरिंज खाली ठेवतो आणि फोन लावतो.