ताई गप्प का होती

आज चाकणच्या गोडाऊनमध्ये नव्या पॅलेटच्या लाकडाचा वास आला आणि मला एकदम ती दुपार आठवली! मी नुकतीच बारावी झालेली, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहणारी, आणि चक्क फोर्कलिफ्टच्या सीटवर! आमचा तरुणांचा उपक्रम चालवणारी मीराताई आम्हा पोरींना ते शिकवायची. त्या दिवशी कंपनीवाले ट्रायल बघायला उभे होते.

सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, एक खोका जरी पाडला ना, तर पोरींची आख्खी बॅच परत न्यायची."

"चालेल, भाऊ," ताई म्हणाली.

मी माल उचलला. हात घामानं नुसते निसटत होते. वर नेता नेता खोका कलला राव! सगळे ओरडायला लागले, "खाली घे! मागं घे! अगं थांब!" मी ताईकडे बघितलं, तर ती हाताची घडी घालून गप्प. इतका राग आला मला तिचा! मग मीच थांबले, फोर्क हळूच मागे झुकवले, खोका नीट बसला आणि मी तो सावकाश खाली ठेवला.

सुपरवायझर पुटपुटला, "उद्यापासून कामाला पाठवा सगळ्यांना."

मी पळत ताईला शोधायला गेले, तर ती टेम्पोमागे उकिडवी बसून ओकत होती.

"काही नाही गं, ऊन लागलं."

आता मीच पोरींना सीटवर बसवते आणि तोंडापर्यंत आलेलं ओरडणं गिळून उभी राहते. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ऊन कुठलं!