थैली घेऊन चालणारी

"किसके यहाँ काम करती हो?"

फाटकावरच्या गार्डनं विचारलं आणि मी बोट दाखवून सांगितलं, "वो कोने वाला बंगला."

कोपऱ्यातला बंगला कोणाचा, मला काय माहीत. मी तिथं काम करत नव्हते. मी कुठंच काम करत नव्हते. माझा मुलगा मंत्रालयात बाबू. मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, तसे आम्हीही तिकडच्या सरकारी क्वार्टरात गेलो. मी नवी नवी आजी झालेली, अंगात साखर मुरलेली, आणि डॉक्टरनं सांगितलेलं की रोज चाला. बाहेरच्या रस्त्यांवर सुसाट गाड्या, सावलीला झाड नाही. चालण्यासारखी जागा एकच, साहेब लोकांच्या बंगल्यांमधला बगीचा. बगीचा सरकारी. म्हणजे माझाही. पण आमच्यासारख्या रंगाची, आमच्यासारख्या लुगड्यातली बाई त्या फाटकातून कामालाच जाते, हे गार्डला पाठ होतं. मलाही पाठ होतं. म्हणून तर उत्तर इतकं पटकन आलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शहाणी, म्हणजे मीच, हातात थैली घेऊन निघायला लागली. पंडरी बाजारातल्या कापड-दुकानातली, सुनेच्या शालूसोबत आलेली. रिकामी. थैली हातात असली की बाई कामाला चालली. थैली नसली की बाई उगाच चालली. अन् उगाच चालायचा हक्क मॅडम लोकांचा, पांढऱ्या बुटांतल्या, घोळक्यानं फिरणाऱ्या.

ही तीच बाई बरं, जी जयंतीला माईक सोडायची नाही. घरात भिंतीवर निळ्या कोटातले बाबा. त्यांच्या बोटाखाली उभी राहून पोट्ट्यापोट्टींना सांगायची, कोणापुढं मान झुकवू नका. भाषण झकास व्हायचं. अन् सकाळी बाबांच्या खालूनच थैली उचलायची.

आता डॉक्टरचं सांगते. समता कॉलनीतल्या दवाखान्यात त्या डॉक्टरबाईनं मला डोळे मिटायला लावले होते. म्हणाली, सुई टोचते, जिथं लागेल तिथं सांगा. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ गेला. मी म्हटलं, "शुरू कीजिए ना, डॉक्टर साहब."

ती म्हणाली, "हो गया."

नागपूरला माझी आई अशीच गेली. आधी अंगठा काळा पडला, मग पंजा कापला, मग गुडघ्यापर्यंतचा पाय. शेवटपर्यंत सांगायची, "मले काही दुखून नाही राहिलं." दुखत नाही म्हणून खूष होती बिचारी. डॉक्टरनं मला चालणं सांगितलं, भात कमी सांगितला, चहातली साखर बंद सांगितली, आणि बंद बूट सांगितले. चप्पल नाही, म्हणाली, कधीच नाही.

मी चालणं घेतलं. बूट घेतले नाहीत. कामवाली बाई बुटात कशी दिसेल? सोंग उघडं पडलं असतं. पाय जाईल हे कळत होतं, पण गार्ड काय म्हणेल याची भीती जास्त होती. अशी अक्कल.

एका सकाळी मॅडमांच्या घोळक्यातली एक कुत्रा घेऊन उभी होती. कुत्र्यानं वाटेतच घाण केली. तिनं मला हाक मारली, "ए बाई, इधर आओ. ये उठा दो."

मी थांबले.

"थैला तो है तुम्हारे पास."

होता. मी वाकले. वाळलेल्या पानांनी कुत्र्याची घाण उचलली आणि सुनेच्या शालूच्या थैलीत घातली. कुत्रा माझ्याकडं बघत होता. ती बाई बघतसुद्धा नव्हती. मागं वळून मैत्रिणीला म्हणाली, "अच्छी है ये, जवाब नहीं देती."

मला काहीच वाटलं नाही. खरंच. राग नाही, लाज नाही. थैली कचऱ्याच्या पेटीत टाकली आणि घरी आले.

सून फरशी पुसत होती. म्हणाली, "आई, हे रक्त कोनाचं आहे?"

दारापासून चुलीपर्यंत फरशीवर एका पायाचे ठसे उमटले होते. मी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. कोणीच नव्हतं. सुनेनं मला पाटावर बसवलं, चप्पल काढायला गेली तर निघेना. काचेचा तुकडा चपलेतून आरपार तळव्यात घुसलेला. चप्पल माझ्या पायाला शिवल्यासारखी झाली होती. मी तशीच सगळी वाट चालून आले होते.

"दुखलं नाही तुमाले?" ती रडायलाच लागली.

नाही. काच शिरली तेव्हा दुखलं नाही, आणि त्या बाईनं बोलावलं तेव्हाही दुखलं नाही. पाय मेला ते साखरेनं. बाकीची मी कशानं मेले? कोणी, कधी, किती हळूहळू? डोळे मिटून बसले होते आणि सगळं होऊन गेलं होतं.

जखम भरायला फार दिवस लागले. रोज सून आरसा धरायची आणि मी तळव्यात काळं शोधायची. आईचा अंगठा डोळ्यांसमोरून हलायचा नाही. काळं आलं नाही. हे नशीब, माझी अक्कल नाही.

मग पंडरीला गेले आणि बूट घेतले. लुगड्याखाली बूट. दुकानदार हसला, हसू दे. सकाळी रिकाम्या हातानं फाटकावर गेले.

"आज थैला कहाँ है?" गार्ड म्हणाला.

"नहीं लाई."

"किसके यहाँ जाना है?"

"किसी के यहाँ नहीं. चलने आई हूँ. मेरा पैर है."

मी आत शिरले. मागं त्याची शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. पाठीत वाजत राहिली, पण मी वळले नाही. दुसऱ्या दिवशीही वाजली. मग कंटाळला तो.

चालत राहिले. आधी झोप परत आली. मग दम लागेनासा झाला. साखर उतरली, डॉक्टरनं एक गोळी कमी केली. आणि एक गोष्ट डॉक्टरनं सांगितली नव्हती. हळूहळू मला दुखायला लागलं. पायात नाही, तो गेला तेवढा गेला. वर. ते "अच्छी है" आता दुखतं, अजून दुखतं. चांगलं आहे. ज्या दिवशी दुखायचं थांबेल, त्या दिवशी समजायचं, आपल्याला पुन्हा कापायला सुरुवात झाली. मी त्या बगीच्यात मरेपर्यंत चालणार, आणि हातात काही घेणार नाही.

ती कुत्र्यावाली एकदा समोर येऊन उभी राहिली. आधी माझे बूट पाहिले, मग मला. धमकीच दिली तिनं मला. मी ती त्याच दिवशी आमच्या पाऱ्यात, क्वार्टरांमागच्या वस्तीत, नेली, बंगल्यांत भांडी घासणाऱ्या सगळ्या बायांना घरोघर जाऊन सांगितली, एक अक्षर इकडचं तिकडं न करता:

"आज तुम आई हो, कल ये सब आने लगेंगी."