आधी कोण म्हणालं?

जगातली निम्मी भांडणं 'म्हणाला' हे क्रियापद मराठीत वाक्याच्या शेवटी येतं म्हणून होतात, असं मानणारा एकच माणूस मी पाहिलाय: धुळ्यात आमच्या शेजारी राहणारे, इंग्रजीचे निवृत्त सर. हे वाक्यही त्यांना आवडणार नाही, कारण त्यात ते स्वतःच शेवटी आले. इंग्रजीत 'ही सेड' आधी येतं, बोलणारा आधी दारात उभा राहतो, मग त्याचं म्हणणं आत येतं, ही व्यवस्था त्यांना फार सभ्य वाटते. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गॅस संपला," की सर विचारणार, "कोण म्हणालं?" "मीच म्हणतेय." "मग आधी तसं सांग ना." डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "'रिपोर्ट म्हणतो की' अशी सुरुवात करा. मी उगाच तुमच्यावर चिडलो."

मी त्यांचाच विद्यार्थी. 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' असं लिहिलं की ते 'वॉज'वर बोट ठेवत. "अरे, विचारणारा केव्हाच निघून गेला. आता प्रश्न उलटा कशाला बसवतोस? आय वॉज. सरळ बसव."

या वेडाचं मूळ पुतणीच्या लग्नात होतं. ज्या थोरल्या भावाने, नानांनी, त्यांना बोट धरून शाळेत नेलं, त्यांच्याच मुलीचं लग्न. सरांनी भर मांडवात व्याह्यांच्या पत्रिकेतलं इंग्रजी सुधारलं. थोड्या वेळाने नाना कुणालातरी अहिराणीत सांगत होते, "धाकल्याले अक्कल नही शे, आसं व्याही म्हने." 'शे'पाशी बँड सुरू झाला. पुढचं सरांना ऐकूच आलं नाही आणि ते न जेवता तडक धुळ्याला आले. ते बोल नानांचे नव्हते, व्याह्यांचे होते, हे नंतर कळलं, पण तोवर नानांनी बोलणं टाकलं होतं. भावाने आपलं वाक्यही पुरतं ऐकू नये, हे त्यांना लागलं. माझी सासुरवाडी भडगावची, नानांच्या गल्लीतच. मी निघालो की सर म्हणत, "नानांना नमस्कार सांग." परत आलो की एवढंच विचारत, "काही म्हणाले?" वर्षानुवर्षं मी नकारार्थी मान हलवत आलो. मला त्या दोघांचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

परवा भडगावहून आलो तो थेट त्यांच्याकडेच गेलो. शिस्तीप्रमाणे सुरुवात केली, "सर, नाना म्हणाले..."

त्यांनी हात वर केला. "परत म्हण."

"नाना म्हणाले."

"थांब जरा. एवढंच राहू दे." चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "हं. पुढे?"

"'त्याले सांग, आखाजीले घर ये.'"

अक्षय्य तृतीयेच्या सणाला घरी बोलावलं होतं, आणि माझं वाक्य तिथेच संपलं होतं. तरी सर जागचे हलले नाहीत. शेवटी अजून एखादं 'म्हने' यायचं असेल, म्हणून ते थांबले होते.