शेळीचं पुस्तक

भिजलेल्या कागदाला एक वास असतो. किंचित आंबट, किंचित गोडसर, पेजेच्या भांड्यावरचं झाकण उघडल्यासारखा. हमरापूरला मावशी ज्या कारखान्यात रंगकामाला जाते तिथे दाराशीच तीन निळी पिंपं आहेत. आमच्याकडे कारखाना म्हणजे गणपती घडवायची पत्र्याची शेड. पिंपात रद्दी भिजते, मग ती वाटायची, तिच्यात डिंक आणि खडूची पूड मळायची आणि साच्यात दाबायची. प्लास्टरचा देव नको, कागदाचा करा, असं ओरडत मी चार वर्षं पेण तालुका पालथा घातला, तेव्हा कुठे ही तीन पिंपं आली. त्यामुळे तो वास मला विजयाचा वाटे. गेल्या महिन्यापासून तो छातीत रुततो.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द चालत नाही. समोरच्याला विचार करायला उसंत दिली की तो पत्रक घडी करून खिशात घालतो, हे मी चौकाचौकांत उभी राहून शिकले. मागच्या पत्रकात मी लिहिलं होतं: ‘घरात पडून असलेली पुस्तकं, वह्या, वर्तमानपत्रं कारखान्यात द्या. जे पडून आहे ते वाळवीचं आहे.’ या दुसऱ्या वाक्याचा मला फार अभिमान होता. मी स्वतः पाचशे प्रती वाटल्या.

तर ते पुस्तक. बाबा रोह्याजवळ धाटावला केमिकल कंपनीत होते आणि मे महिन्यात आमच्या खोलीत वारा आला की त्याच्यासोबत औषधी, डोळे चुरचुरवणारा वास येई. म्हणून सुट्टी लागली की मला रोह्याहून एसटीत बसवून शालनमावशीकडे धाडत. मी सात वर्षांची असताना बाबांनी स्टँडवरच्या गाड्यावरून एक पुस्तक घेऊन दिलं. त्यात एक शेळी घरात कुणालाही न सांगता बाजाराला निघते आणि तिथे पोचल्यावर काय घ्यायला आले तेच विसरते. मग प्रत्येक दुकानदाराला विचारत फिरते, ‘तुम्हाला काही आठवतंय का?’ एवढीच गोष्ट. तिच्यात उपदेश नव्हता, राजपुत्र नव्हता, कुणाचा विजय नव्हता. असल्या निरुपयोगी गोष्टीने एखाद्या जिवाला इतकं तृप्त का करावं? आज माझ्याकडे दोन कपाटं भरून उपयोगी पुस्तकं आहेत. त्यांतलं एकही उशाशी घेऊन झोपावंसं वाटत नाही.

पुस्तक मावशीकडेच ठेवायचं, हा आमचा करार होता. ते तिथे असलं म्हणजे पुढच्या मे महिन्यात मला यावंच लागणार, हे तिचं गणित. दुपारी कारखान्यात बायका मूर्तींचे पीतांबर रंगवायला बसत आणि मी पोत्यावर बसून मोठ्याने वाची. मावशीला वाचता येत नाही. पण मी पान उलटायच्या आधी तिचा हात थांबे, ब्रश हवेत राही, आणि शेळी पुढच्या दुकानी गेली की पिवळा रंग पुन्हा वाहू लागे. मधे कुणीतरी कोऱ्या चहात बुडवायला बटर आणी. त्या चहात, त्या बटरात, त्या पिवळ्या रंगात काय कमी होतं? मी आता सभांमधून माणसांना काय काय कमी आहे ते मोजून सांगते आणि खरंच सांगते. पण त्या पत्र्याखाली बसलेल्या मला काहीही नको होतं, हेही तितकंच खरं आहे. हे मात्र कुठल्या पत्रकात लिहायचं?

गेल्या महिन्यात मावशीकडे गेले ते थकून. एका सभेला सातजण आले होते, त्यांतले दोघे मंडपवाले. वाटलं, जेवावं आणि शेळीचं पुस्तक घेऊन आडवं व्हावं. ट्रंक उघडली. लुगड्यांच्या खाली हात घातला. नव्हतं.

“मावशी, पुस्तक कुठाय?”

“कुठलं? शेळीचं? दिलं ना गो.”

“कुणाला?”

“पिंपात.” ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. “तुझं पत्रक आलं तवा शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. पडून ऱ्हायलेली पुस्तकं द्या. मंग मी पयली गेली. बायका बोलल्या असत्या, भाची गावाला सांगतेय आन मावशी ट्रंकेत लपवतेय.”

“अगं, ते पडून होतं का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “तू आठ वर्षांत एकदा तरी काढलंस?”

मी ट्रंकेचं झाकण लावलं. मंत्र्याच्या सचिवालाही मला असा प्रश्न विचारणं जमलेलं नाही. ती आठ वर्षं माझी होती. गावात पुस्तकं न वाचता पडून मरतात म्हणून मी शाळांना, ग्रामपंचायतीला, सगळ्यांना फैलावर घेतलं. आणि ज्या बाईने अक्षर ओळखत नसताना एक पुस्तक लुगड्यात जपलं, तिच्याकडून ते माझ्याच वाक्याने काढून घेतलं. राग आला. पण तो फेकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन पिंपात हात घातला. करडा, मऊ लगदा. अक्षराची खूणही नाही. “तो घाणा कवाच साच्यात गेला,” मावशी म्हणाली. मूर्ती रांगेने वाळत होत्या, सगळ्या सारख्या. मी एकेकीकडे पाहत उभी राहिले, मूर्खासारखी.

“ये, बस हितं,” तिने पोतं सरकवलं. “तुला गोष्टच पायजे ना? मला येते.”

“तुला सगळी येते?”

“किती सुट्ट्या ऐकलीय? आन तोंड मिटून ऐक, मधे भाषण नको.” शेजारची बाई हसली.

मावशीने पीतांबरावर ब्रश टेकवला आणि सुरू केलं. पण तो तिचा आवाज नव्हता. एरवी भांडल्यासारखी भरभर बोलणारी माझी मावशी एकेक शब्द जोडत होती. “शेळी... बाजा... बाजाराला... निघाली.” मला वाटलं आठवत नसेल, म्हणून मी पुढचं वाक्य सुचवलं. तिने हाताने थांबवलं. ‘दुकानदार’पाशी ती अडखळली, मागे आली, पुन्हा म्हणाली. एका वाक्याच्या मधोमध थांबली आणि नाक ओढलं. तेव्हा कळलं. तिथे मी पान उलटलं होतं, आणि त्या पहिल्या सुट्टीत मला सर्दी होती.

तिला वाटत होतं, गोष्ट अशीच आहे.

मी वही काढली आणि ती सांगेल तसं लिहून घेऊ लागले. अडखळणं गाळलं नाही, थांबणं गाळलं नाही. सात वर्षांची मी माझ्यासमोर बसून मला वाचून दाखवत होते, आणि तिला जराही घाई नव्हती.